मियानी

बाराव्या दिवशी नळी काढली
आणि मी गळायला लागलो.
खोकलो की गळे, शिंकलो की गळे.
मल्हारगंजच्या दुकानात पडलेली कात्री उचलायला वाकलो
तर पायजमा चारचौघांत सांगून मोकळा.
पन्नास वर्षं लोकांचे पायजमे शिवले,
माझाच माझ्यावर उलटला.

छावणीतल्या दवाखान्यात पोरवाल मॅडम,
माझ्या नातीपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी,
पाठकोऱ्या कागदावर चार ठिपके काढते.
"दादा, हे पुढचं हाड. हे मागचं, माकडहाड.
आणि ही दोन, ज्यांच्यावर तुम्ही मशीनला बसता."
ठिपके जोडले. शंकरपाळा झाला.

म्हटलं, बाई, ही तर मियानी.

तिला कळेना. रेडीमेडच्या काळातली पोर.
सांगितलं, दोन पाय जिथे एक होतात
तिथे नुसती शिवण मारली तर माणूस उकिडवा बसला की फाटतं.
म्हणून एक चौकोनी तुकडा, तिरका, कुणाला न दिसेलसा.
सगळा ताण तो खातो.
"बस्स, तेच," ती म्हणाली. "मांसाचं."

मग थर उलगडत गेली. आधी अस्तर:
पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत टांगलेली झोळी,
आतडं, मूत्राशय, सगळं बिऱ्हाड रात्रंदिवस पेलणारी.
तिचाच एक पट्टा गुदाला मागून वळसा घालून
पुढे ओढून धरतो,
बागेतला पाइप मुडपून धरावा तसा.
खाली नेफा, त्यात न दिसणारा नाडा.
दोन बाजूंनी दोन, बैठकीच्या हाडांवरून निघालेले.
त्यांचं काम मॅडमनी न अडखळता सांगितलं,
मी कॅलेंडरवरचे सण वाचले.
मधला एक, मुळाशी मिठी मारून, शेवटचा थेंब झटकणारा.
आणि मूत्रनळीभोवती एक बारकं कडं.
वरचा बांध गाठीबरोबर गेला, दादा,
आता सगळी भिस्त या कड्यावर.

बऱ्याच जणांची टोकं मधोमध एका गाठीत येतात.
ही जागा मला पाठ आहे.
चार शिवणी भेटतात तिथे आठ पदर होतात,
सुई तिथेच मोडते.
तेवढे टाके मी पायाने नाही घालत,
हाताने चाक फिरवतो, सावकाश.

बाहेरूनही एक रेघ आहे, मागून पुढे, उंचवट्याची.
आंघोळीत हजारदा हात फिरला.
एवढी सरळ शिवण,
आणि मी शिंपी असून कधी थांबलो नाही.

आसनाचं माप घेताना गिऱ्हाईक पंख्याकडे बघतं.
वकील असो, दूधवाला असो,
टेप वर सरकली की आत काहीतरी दचकून उचलतं.
दोन बोटं कमी भरतात.
मी दोन बोटं सोडूनच कापायचो,
वस्तादांनी तसं शिकवलं होतं, कारण नव्हतं सांगितलं.

"तेच उचला. पोट नको, मांड्या नकोत, श्वास रोखायचा नाही.
पाच मोजा. सोडा.
सोडायला विसरू नका."
धरणं जमलं लवकर.
सोडणं बोत्र्यांच्या घरात कुणाला शिकवलेलं नाही.

रात्री दार लोटून सिंधूला सांगितलं,
आवाज लहान करून,
पुरुषांची काही गुप्त विद्या असावी तसं.
ती गराडू सोलत होती.
"उचलायचं, पाच मोजायचे, सोडायचं?
हेमंताच्या वेळी टाके पडले,
तेव्हा एमवायच्या केरळी नर्सने शिकवलं.
चहा उकळतो तेवढ्यात करते.
अडतीस वर्षं."

आणि मला बोलली नाहीस?

"तुम्ही विचारलंत कधी,
चहापाशी मी गप्प का उभी असते?"

मी हसलो.
हसलो तसे तीन थेंब गेले.
काल पाच होते.